दीडशे शब्दांत मावेल एवढं

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरलीय आणि नानांनी तिच्या मधोमध अख्खी गोणी पालथी केलीय. कांदे घरंगळत भिंतीकडेच्या खुर्च्यांपर्यंत गेलेत. एप्रिलात काढलेला गावरान कांदा, सहा-सात महिने कांदाचाळीत राखलेला. निम्म्याला हिरवे कोंब फुटलेत. एक मी उचलून बघते तर अंगठा आत रुततो. वरची साल कोरडी, लालसर, कागदासारखी वाजणारी आणि आत नुसतं पाणी. हाताला लागलेला तो वास नंतर दोन तास जात नाही.

"आधी हे बघा," नाना म्हणतात, "मग काय लिहायचं ते लिहा."

पारनेरच्या पठारावरचं गाव. नोव्हेंबर २०२५चा दुसरा आठवडा, थंडी पडायला लागलीय. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, कांदा घेऊन जाणारे मात्र अजून 'नगरला'च जातात. हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं आहेत, त्यात सात-आठ बाया. टेबलावर लॅपटॉप, त्याच्यापुढं स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक पोरगा आणि शेजारच्या खुर्चीत निवृत्त गुरुजी. १ डिसेंबरपासून संसदेचं हिवाळी अधिवेशन आहे. खासदाराला प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळं घाई आहे.

गुरुजींनी गावाला एक गोष्ट पटवलीय. या वेळी निवेदन द्यायचं नाही. निवेदनावर पोच मिळते आणि विषय तिथंच मिटतो. या वेळी खासदारांच्या हातात तयार प्रश्न द्यायचा. प्रश्न एकदा दाखल करून घेतला गेला की मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते सभागृहाच्या कामकाजात कायमचं नोंदलं जातं. मला त्यांचं म्हणणं मनापासून पटलंय, म्हणून तर दुपारच्या एसटीनं इथं आलेय. रस्त्यावर कांदा ओतलेला मी पुष्कळदा पाहिलाय. गाव बसून प्रश्न लिहितंय हे मात्र पहिल्यांदाच बघतेय.

"लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात," गुरुजी सांगतात. वर्गात सांगावं तसंच, सावकाश. "त्याचं उत्तर मंत्री उभं राहून देतात, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो. अकरा ते बारा एवढाच तास, त्यात विसाच्या वीस प्रश्नांची पाळी क्वचितच येते. बाकी दोनशे तीस अतारांकित, त्यांची उत्तरं लेखी. आपला अतारांकितात लागला तरी मला चालेल. लेखी उत्तर पुन्हा पुन्हा वाचता येतं."

"आणि लागलाच नाही तर?" मागून कुणीतरी विचारतं.

"एका खासदाराला एका दिवसासाठी पाचच सूचना देता येतात आणि सगळ्यांच्या मिळून सोडत निघते. नाही लागला तर पुन्हा द्यायचा."

मग ते नियम वाचतात. लोकसभेच्या कामकाजाचा नियम ४१. प्रश्न शक्यतो दीडशे शब्दांच्या वर जाऊ नये. त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, कुणावर दोषारोप नको, विशेषणं नकोत. मत विचारायचं नाही, 'असं झालं असतं तर' असं काल्पनिकही विचारायचं नाही. आणि ज्या देशाशी आपले मित्रत्वाचे संबंध आहेत, त्याच्याबद्दल अनादरानं बोलायचं नाही.

हॉल क्षणभर गप्प होतो. नाना सतरंजीवरच्या कांद्यांकडं बघत म्हणतात, "मग राहिलं काय, गुरुजी?"

"आकडे आणि तारखा राहिल्या, नाना. त्या तुमच्याकडं आहेत."

नाना पिशवीतून प्लॅस्टिकची फाइल काढतात. त्यात पट्ट्या आहेत, अडत्यानं कांदा विकल्यावर दिलेल्या. गुलाबी, पिवळ्या, कडा मऊ झालेल्या. गोण्या किती, वजन किती, भाव काय, मग खाली वजाबाकी: हमाली, तोलाई, गाडीभाडं. नानांनी त्या तारखेवार लावून ठेवल्यात. दोन पट्ट्या ते शेजारीशेजारी ठेवतात. एक डिसेंबर २०२३च्या पहिल्या आठवड्यातली, दुसरी त्याच महिन्याच्या शेवटची. तोच शेतकरी, तेच नेप्तीचं मार्केट, तोच लाल कांदा. दुसऱ्या पट्टीतला भाव पहिलीच्या निम्म्याच्याही खाली आहे. मध्ये झालंय एवढंच की ७ डिसेंबरला रात्री केंद्राची अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली.

"आम्ही गोण्या भरून ठेवलेल्या," नाना सांगतात. "सकाळी मोबाइलवर कळलं. तोवर गाडी घाट उतरून गेली होती."

पोरगा टाइप करायला लागतो. पहिलं वाक्य नानाच सांगतात: सरकारनं शेतकऱ्याचं वाटोळं केलं. गुरुजी हात वर करतात. पोरगा थांबतो, नानांकडं बघतो आणि वाक्य हळूहळू, एकेक अक्षर मागं घेत पुसतो. मला ते बघवत नाही. ज्या माणसाचं वाटोळं झालं त्याला वाटोळं हा शब्द वापरता येऊ नये, हे मला पटत नाही आणि मी तसं बोलूनही दाखवते.

गुरुजी माझ्याकडं वळतात. "ताई, वाटोळं लिहिलं तर उत्तर काय येईल? सरकार शेतकऱ्यांच्या हिताला कटिबद्ध आहे, असं येईल. तारीख लिहिली तर उत्तरातही तारीख द्यावी लागेल."

यावर माझ्याकडं बोलायला काही राहत नाही.

निर्यातीचा इतिहास या हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी, मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ला उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, डिसेंबरात बंदी. ती ३१ मार्चपर्यंत होती, पण मुदत संपायच्या आधीच पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. ४ मे २०२४ला उठली, तीही ५५० डॉलर आणि ४० टक्क्यांच्या अटीनं. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ला पुरतं गेलं. लोक बोटांवर सांगत जातात, एक चुकला की दुसरा दुरुस्त करतो. यातला एकही माणूस परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक नाही. पण ढाक्यात आणि दुबईत काय चाललंय याची खबर या गावाला ठेवावीच लागते, नाहीतर चाळीचं दार कधी उघडायचं ते कळत नाही.

"बंदी होती तर मग बांगलादेशाला कांदा गेलाच कसा?" एक तरुण उठून विचारतो. आवाज चढलाय. बांगलादेशाबद्दल तो पुढं जे बोलतो ते प्रश्नात बसणारं नाही.

गुरुजी त्याला बसवतात. "नियम वाचला ना? मित्रदेश आहे." मग चष्मा सारखा करून कागद बघतात. बंदीच्या काळात परराष्ट्र मंत्रालयाच्या शिफारशीवरून काही मित्रदेशांना ठरावीक कांदा देता येत होता. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशाला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन. एप्रिलअखेर सरकारनं सांगितलं की बांगलादेश, अमिरात, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका या सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची परवानगी आहे. हा कांदा नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेड या संस्थेमार्फत गेला. देशात त्या वर्षी पीक कमी, बाहेर मागणी जास्त, म्हणून बंदी, असं सरकारचं कारण होतं.

"मैत्री राखायला माझा कांदा गेला, त्याचं मला वाईट नाही," नाना म्हणतात. ते खरंच तसं म्हणतायत, मी त्यांच्या तोंडाकडं बघतेय. "पण तो कोणत्या भावानं घेतला आणि कोणत्या भावानं दिला, एवढं मला कळू द्या."

"हे लिही," गुरुजी पोराला सांगतात. "खरेदीचा सरासरी दर, विक्रीचा सरासरी दर, महाराष्ट्रातून किती, जिल्हावार."

मग गुरुजींना जे आठवतं आणि ते जे सांगतात, ते मला घरी परतल्यावरही आठवत राहणार आहे. २०१९ची बंदी लागली त्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांच्या कार्यक्रमात त्या म्हणाल्या होत्या की आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. आमच्या स्वयंपाक्याला मी कांदा न घालता रांधायला सांगितलंय, असंही हसत हसत म्हणाल्या.

नाना गुडघ्यावर हात मारतात. "म्हणजे तिचंही तेच! आम्ही म्हणतो आधी कळवा, ती बाई म्हणती आधी कळवा. इकणारा आणि घेणारा एकच बोलतो की हो."

"पंधरा दिवस," मागून आवाज येतो. "प्रश्न विचारायला आम्ही पंधरा दिवस आधी सांगायचं, तर बंदीची खबर आम्हाला पंधरा दिवस आधी का नको?"

हॉलमध्ये पहिल्यांदाच टाळ्या पडतात. गुरुजीही मान डोलावतात, पण पोराला सांगतात, "हे असं नको. हा युक्तिवाद झाला. असं लिही: निर्यातीवर बंदी किंवा शुल्क लावण्यापूर्वी उत्पादक शेतकरी आणि आयातदार देश यांना पूर्वसूचना देण्याची काय पद्धत आहे आणि नसल्यास त्याची कारणं काय." पोरगा टाइप करतो. टाळ्या ज्या वाक्याला पडल्या ते पडद्यावर कुठंच नाही, पण त्यातलं सगळं तिथं आहे.

चहा येतो. गुरुजी बशीत ओततात आणि १८९३ची गोष्ट सांगतात. आदल्या वर्षीच्या कायद्यानं कायदेमंडळाच्या सदस्यांना प्रश्न विचारायचा हक्क मिळाला आणि या देशातला पहिला प्रश्न भिंग्याच्या राजांनी विचारला. साहेब लोक दौऱ्यावर निघाले की गावोगावच्या दुकानदारांना त्यांची रसद पुरवावी लागे, त्यात दुकानदार पिचत, त्याबद्दलचा तो प्रश्न होता. तेव्हा पुरवणी प्रश्न विचारायची सोय नव्हती, ती १९०९च्या कायद्यानं आली. "पहिलाच प्रश्न खेड्याचा होता बघा," गुरुजी म्हणतात आणि बशी खाली ठेवतात.

आता दुसरा विषय: सरकारी योजनेतलं घरकुल.

अक्का इतका वेळ दाराजवळ बसल्यात. दुपारी मी त्यांचं घर बघून आलेय, म्हणजे घराची जागा. मागं पत्र्याची खोली, तिच्यात अक्का, सासू आणि शाळेतल्या दोन मुली. पुढं पायाचे खड्डे भरून दगड बसवलेले आणि चार कोपऱ्यांतून उभ्या सळया, कमरेएवढ्या. पोरींना लागू नये म्हणून प्रत्येक सळईच्या टोकावर पाण्याची रिकामी बाटली उपडी घातलीय. वाऱ्यानं त्या बाटल्या टकटक वाजतात. सळयांवर गंज चढलाय, हात लावला की बोटं तांबडी होतात. जोतं व्हायचं राहिलंय.

त्यांचं नाव घरकुलाच्या प्रतीक्षायादीत, प्रपत्र ड मध्ये होतं, म्हणजे लोक ज्याला नुसती 'ड यादी' म्हणतात तिच्यात. २२ फेब्रुवारी २०२५ला पुण्यात केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना एकाच दिवशी मंजुरीपत्रं दिली गेली, त्यात त्याही आल्या. पहिला हप्ता १५ हजार. तो खोदाई, दगड, सळया आणि सिमेंट यांत गेला. पुढचा हप्ता जोतं झाल्यावर, इंजिनिअरनं येऊन फोटो काढला की. म्हणजे जोत्यापर्यंतचा पैसा आपणच उभा करायचा. अक्कांचा तो पैसा वीस गुंठ्यांतल्या कांद्यात होता. कांदा चाळीत होता. आणि चाळीतला कांदा आता या सतरंजीवर पडलाय तसा झालाय.

म्हणून ही बैठक दोन विषयांची असूनही मला एकाच विषयाची वाटतेय. घरकुलाचं उत्तर एक मंत्रालय देतं, कांद्याचं दुसरं, बांगलादेशाचं तिसरं, आणि तिन्ही उत्तरं येऊन अडतात ती या कमरेएवढ्या सळयांपाशी.

गावातले एक गवंडी भिंतीला टेकून बसलेत. ते तोंडीच हिशोब मांडतात. सपाट भागाला घरकुलाचे १ लाख २० हजार, २०१६ पासून तेच. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. भागिले तर फुटाला ४४६ रुपये. त्यावर रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६च्या ३१२ रुपये रोजानं २८,०८०. संडासाचे १२ हजार. राज्यानं योजनेच्या या टप्प्यासाठी आणखी ५० हजार जाहीर केलेत, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलला. "पॅनेल बसवायला आधी छत लागतं," गवंडी म्हणतात. त्यांच्या बोलण्यात टोमणा अजिबात नाही, ते बांधकामाचा क्रम सांगतायत.

"वाळू पाच ब्रास फुकट हाय म्हणत्यात," शेजारची बाई सांगते.

"हाय, पर ट्रॅक्टरचं भाडं आपल्याच पदरचं," अक्का म्हणतात.

ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना सगळे अजून भाऊसाहेबच म्हणतात, इतका वेळ ऐकत होते. ते सांगतात की राज्याच्या ५० हजारांचा आणि घराच्या जागेचा प्रश्न लोकसभेत घेणार नाहीत, तो राज्याचा विषय. त्याला नागपूरच्या अधिवेशनात आमदारांकडून तारांकित प्रश्न लावावा लागेल. गुरुजी दुसरा कागद काढतात. आपल्या जिल्ह्याला विधिमंडळ काही परकं नाही, असंही म्हणतात: शेवगावचे बाळासाहेब भारदे १९६२ ते १९७२ विधानसभेचे अध्यक्ष होते आणि आज विधान परिषदेचे सभापती चोंडीचे आहेत. तो दुसरा कागद मात्र आज कोराच राहतो, रात्र फार झालीय.

घरकुलावर पूर्वी दिलेल्या एका लेखी उत्तराची छापील प्रत गुरुजींनी आणलीय. चार पानं. पहिल्या पानावर योजनेची माहिती, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के हे प्रमाण, मग शेवटी परिशिष्ट: राज्याचं नाव, लक्ष्य, मंजूर, पूर्ण. महाराष्ट्राची एक ओळ. प्रत हातोहात फिरते आणि अक्कांपर्यंत येते. त्या बोट ठेवून ती ओळ शोधतात.

"ह्यात मी कुठं हाय, गुरुजी?"

गुरुजी उठून त्यांच्याजवळ जातात, उकिडवे बसतात. "लक्ष्य आहे ना, त्यात तू आहेस. मंजूर, त्यातही आहेस. पूर्ण आहे त्यात नाहीस."

"मग मला कुठं लिवलंय?"

"मंजुरातनं पूर्ण वजा कर. उरतील त्यांच्यात."

अक्का त्या दोन रकान्यांमधल्या कोऱ्या जागेकडं बघत राहतात. उत्तर खोटं नाही, त्यात एकही आकडा चुकीचा नसेल. पण ती वजाबाकी कुणी विचारली नाही म्हणून ती कुणी केली नाही. मला वाटतं, आजच्या रात्रीचं सगळं काम त्या दोन रकान्यांच्या मधल्या जागेसाठी चाललंय.

प्रश्न असा होतो. सुरुवात ठरलेली: ग्रामविकास मंत्री हे सांगण्याची कृपा करतील काय. अक्का इथंच थांबवतात. "कृपा कशाला? त्येंचं कामच हाय की सांगायचं." गुरुजी म्हणतात, हा साचा आहे, सगळ्यांनाच तसं लिहावं लागतं, राजालाही लागलं असेल. अक्का मान हलवतात, पटलेलं दिसत नाही. मग (क) पहिला हप्ता मिळूनही जोत्यापर्यंत काम न गेलेल्या लाभार्थ्यांची जिल्हावार संख्या. (ख) काम थांबण्याची सरकारनं नोंदवलेली कारणं. (ग) जोत्याआधीच्या हप्त्याची रक्कम वाढवण्याचा प्रस्ताव आहे काय आणि त्याचा तपशील. (घ) असल्यास तो केव्हापर्यंत अमलात येईल.

पोरगा वाचून दाखवतो. पुन्हा वाचून दाखवतो. प्रश्न हिंदीत किंवा इंग्रजीतच द्यावा लागतो, गुरुजी उद्या सकाळी हिंदी करणार आहेत. हिंदी करताना शब्द वाढतील म्हणून मराठी मसुदा नव्वदच्या आत ठेवायचं ठरलंय.

नाना सतरंजीवरचे कांदे गोळा करायला लागलेत. चांगले एका बाजूला, कोंब आलेले दुसऱ्या. दोन बाया न सांगता त्यांच्या मदतीला बसतात. पिचलेले बाहेर टाकायला एक पोरगी घमेलं घेऊन येते.

"शब्द किती झाले?" अक्का विचारतात.

पोरगा बघतो. "सत्त्याऐंशी."

"मंजी तीन उरले?"

"हो."

अक्का पदरानं हात पुसतात आणि टेबलाजवळ येऊन उभ्या राहतात. पडद्यावरची अक्षरं त्या वाचतायत की नुसत्या बघतायत ते मला मागून कळत नाही.

"पुढच्या पावसाळ्याच्या आधी," त्या म्हणतात. "एवढं घाल."

पोरगा गुरुजींकडं बघतो. गुरुजी होकार देतात.

"कशात घालू, अक्का?"

"घ मध्ये घाल," अक्का म्हणतात. "घ घराचा."